सर्बियातल्या पक्षांचे झेंडे ओळखायचे तरी कसे?

वारा_आणि_काठी

नमस्कार मंडळी. मला झेंड्यांचा जुना नाद. देशांचे झाले, प्रांतांचे झाले, सध्या राजकीय पक्षांचे झेंडे आणि चिन्हं जमवतोय. (चित्रं हो, कापडं नव्हेत.) बाकीचा युरोप भराभर उरकला, सर्बियाशी येऊन मात्र गाडी रुतलीय.

अडचण अशी, की बेलग्रेडच्या कुठल्याही सभेचा फोटो उघडावा तर तोच लाल-निळा-पांढरा. सत्तेतल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाची सभा असो की त्यांच्याविरुद्धचा मोर्चा, वर फडकतंय तेच कापड. फोटोखाली ओळ नसेल तर कोण कोणाच्या नावाने शिमगा करतंय ते कळत नाही. काही झेंड्यांवर दोन डोक्यांचा पांढरा गरुड आहे, काहींवर नाही. तो पक्षाप्रमाणे बदलतो का?

इतक्या शोधातून हाती काय लागलं, तर सोशालिस्ट पक्षाचा गुलाब, ओत्पोर नावाच्या संघटनेची मूठ, आणि एक पिवळं बदक. बदकाबद्दल जरा सांगा कोणीतरी. ते खरंच कोणाचं चिन्ह आहे, की मला कोणी उल्लू बनवतंय?

आपल्याकडे मतदानयंत्रावर चिन्ह असतं म्हणून पक्ष ते जिवापाड जपतात, त्यासाठी कोर्टात जातात. तिकडे तसं काही असतं का?

दगडी_पाटी

फार अवघड नाही हे. गरुडवाले म्हणजे उजवे, गुलाब-मूठवाले म्हणजे डावे, निळे-पिवळे म्हणजे उदारमतवादी. क्रॉसच्या चार कोपऱ्यांत चार 'स' दिसले (सिरिलिक 'स', रोमन 'सी'सारखा दिसणारा), तर तो पक्का राष्ट्रवादी समजा. 'सामो स्लोगा स्र्बिना स्पासावा', म्हणजे सर्बाला तारणार ती फक्त एकी. प्रोग्रेसिव्ह पक्ष २००८ मध्ये शेशेल या कट्टर राष्ट्रवाद्याच्या रॅडिकल पक्षातून फुटून निघाला, त्यामुळे तोही त्याच रकान्यात. बदकाचं माहीत नाही.

नोवीसादची_नलू

दगडी_पाटी, इतकं सोपं असतं तर माझं काम निम्म्यावर आलं असतं हो. मी उत्तर सर्बियात, नोवी सादला एका छापखान्यात काम करते. कापडी झेंडे, फलक, टी-शर्ट, कॉफीचे मग, म्हणाल ते छापतो आम्ही. नवरा इथला, म्हणून मी इथली. मत द्यायचा हक्क मला नाही, पण निवडणुकीच्या महिन्यात उमेदवारांपेक्षा माझी झोप जास्त उडालेली असते.

वारा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं. इथे मतपत्रिकेवर चिन्ह नसतं. संसदेच्या निवडणुकीला अख्खा देश एकच मतदारसंघ, जागा २५०, आणि मत द्यायचं ते पक्षाच्या उमेदवारांच्या यादीला. मतपत्रिकेवर यादीचा क्रमांक, यादीचं नाव आणि यादीतल्या पहिल्या उमेदवाराचं नाव, बस. मतदार पेनाने क्रमांकाभोवती गोल काढतो. त्यामुळे प्रचारात सगळ्यात जास्त छापलं जाणारं चित्र म्हणजे एक भला मोठा आकडा आणि त्याभोवती हाताने काढल्यासारखा दिसणारा गोल. याद्या जसजशा मंजूर होतात तसतसे आकडे मिळतात, म्हणून यादीसाठी मतदारांच्या १०,००० सह्या कोण आधी नेऊन देतो याची चढाओढ. आकडा कळेपर्यंत माझ्या आराखड्यात त्या जागी नुसता गोल असतो, आणि कळला की त्याच संध्याकाळी फोन: 'ताबडतोब हवंय.'

आता यादीचं नाव बघा. १७ डिसेंबर २०२३ ला संसदेची निवडणूक झाली, १८ याद्या होत्या. पहिल्या क्रमांकाची यादी: 'अलेक्सांदर वुचिच – सर्बिया थांबता कामा नये'. आता हे वुचिच देशाचे राष्ट्राध्यक्ष. पक्षाचं अध्यक्षपद त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात सोडलेलं. त्या यादीत उमेदवार म्हणून ते नव्हतेच! तरी यादी त्यांच्याच नावाची, आणि १२९ जागा घेऊन गेली. दुसऱ्या क्रमांकावर 'इवित्सा दाचिच – सर्बियाचा पंतप्रधान', म्हणजे तुमचे गुलाबवाले सोशालिस्ट. त्यांनीही गुलाब मागे ठेवला आणि माणूस पुढे केला. अशा ठिकाणी पक्षाच्या झेंड्याला विचारतो कोण?

प्रोग्रेसिव्ह पक्षाचं चिन्ह तुमच्या लक्षात राहात नाही यात तुमचा दोष नाही. नावाची आद्याक्षरं आणि तिरंग्याच्याच छटा. तशी अर्ध्या पक्षांची हीच कथा. लाल, निळं, पांढरं आळीपाळीने हलवायचं आणि त्याला नवी ओळख म्हणायचं. आमच्याकडे आराखडा पास करायला चारजण येतात, आणि चौघांनाही 'थोडा अजून तिरंगा' हवा असतो.

गरुडाबद्दल स्वतंत्र लिहिते. आत्ता एक मोठं काम मशीनवर आहे.

शाईचा_डाग

नलूताई, वाचतोय. चिन्हं काढणं हाच माझा धंदा, म्हणून ओत्पोरच्या मुठीबद्दल माझे दोन शब्द.

ती नेनाद पेत्रोविचने १९९८ मध्ये काढली. 'दुदा' म्हणतात त्याला. त्याच वर्षी बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्याविरुद्ध ओत्पोर सुरू केलं होतं. मुठीत एकच रंग, मधल्या छटा नाहीत, बारीक रेघ नाही. भिंतीवर पुठ्ठ्याचा साचा धरून फवारा मारला की काम झालं आणि पळायला वेळ उरला. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी मूठ मूठच राहते. हे असं चिन्ह समितीत बसून होत नाही. तिथे कोणीतरी म्हणतंच, 'खाली गव्हाची ओंबी टाकली तर?'

आणि दगडी_पाटी, तिला डावी म्हणणं मला पटत नाही. कम्युनिस्टांची वळलेली मूठ उचलून ती कम्युनिस्टांच्याच वारसाच्या तोंडासमोर धरली, गंमत त्यात होती. ओत्पोरमध्ये उदारमतवादी होते, राजेशाहीवाले होते, ज्यांना कशातच रस नव्हता असेही होते.

प्रश्न एवढाच, की पुढे त्याचा पक्ष झाला तेव्हा त्या मुठीचं काय झालं?

नोवीसादची_नलू

शाईचा_डाग, मूठ आपटली. डिसेंबर २००३ च्या निवडणुकीला ओत्पोर स्वतःची यादी घेऊन उभं राहिलं. १.६५ टक्के मतं. तेव्हा संसदेत जायला ५ टक्के लागायचे. पुढच्या वर्षी ते डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झालं, विषय संपला. आता यातली विचित्र गोष्ट पाहा: त्याच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबर २००३ मध्ये, तिकडे जॉर्जियात 'क्मारा' नावाच्या पोरांनी हीच मूठ घेऊन राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झेला घरी पाठवलं. परदेशात मूठ जिंकली आणि घरी महिन्याभरात हरली.

माझी नणंद २००० साली मुठीचा टी-शर्ट घालून मोर्च्यांना जायची. टी-शर्ट अजून आहे, धुऊन धुऊन राखाडी झालाय. २००३ ला तिने मत दिलं ते डेमोक्रॅटिक पक्षाला. झोरान जिंजिच त्यांचा पंतप्रधान, त्याला त्याच वर्षी १२ मार्चला गोळ्या घालून मारलं होतं. 'त्या वर्षी मुठीकडे कोण बघणार होतं?' असं ती म्हणते.

डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे निळे-पिवळे, हे दगडी_पाटी बरोबर म्हणाले. पण त्या पिवळ्याचं पुढे काय झालं ते ऐका. विरोधकांनी त्यांना 'झूती', पिवळे, म्हणायला सुरुवात केली. पक्ष सत्तेत होता तोवर ती चेष्टा होती. २०१२ मध्ये सत्ता गेली आणि पिवळे ही शिवी झाली. आज तो पक्ष लहानसा उरलाय, पण सरकारच्या बाजूची माणसं आजही कुठल्याही विरोधकाला 'पिवळे ते पिवळेच' म्हणून मोकळी होतात. परिणाम असा, की विरोधी पक्षाच्या कोणाला मी फलकावर पिवळी पट्टी सुचवली, की तो माझ्याकडे मी विष कालवल्यासारखा बघतो. एका रंगाचं असं वाटोळं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आता गरुड. तो कुठल्याच पक्षाचा नाही. सर्बिया राज्य (किंगडम) झालं १८८२ मध्ये, राजा मिलान ओब्रेनोविचच्या काळात. तेव्हाचं हे राजचिन्ह: लाल ढालीवर दोन डोक्यांचा पांढरा गरुड, नख्यांखाली दोन सोनेरी लिली, छातीवर क्रॉसची लहान ढाल, वर मुकुट. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट क्राल नावाच्या चित्रकाराने काढलेलं. २००४ मध्ये संसदेने ते परत आणलं आणि २०१० मध्ये ल्युबोद्राग ग्रुयिचने रेषा नव्याने घासूनपुसून दिली. जुन्या फायली घेऊन येणारे अजून भेटतात, पंखांवरून लगेच कळतं.

राष्ट्रध्वज दोन प्रकारचा आहे. नुसते तीन पट्टे तो लोकांचा. काठीकडे सरकलेलं राजचिन्ह असलेला तो राज्याचा, सरकारी कचेऱ्यांवर लावायचा. हे कायद्यात. दुकानात येणारा प्रत्येकजण गरुडवालाच मागतो. साधा मागणारा एक तर वकील असतो, नाहीतर त्याला स्वस्तात हवा असतो. तेव्हा तुमच्या फोटोंत गरुड आहे की नाही यावरून पक्ष काढायला जाऊ नका. आणि साधा खालची बाजू वर करून लावला की तो रशियाचा होतो, म्हणून रशियाच्या झेंड्याची वेगळी फाईल आम्ही ठेवलेलीच नाही.

दगडी_पाटी

बरं, गरुड सोडला. पण चार 'स'चा क्रॉस? तो तर उघडउघड घोषणाच आहे. आणि प्रजासत्ताकाच्या चिन्हावर मुकुट कसा चालतो इथल्या लोकांना?

नोवीसादची_नलू

मुकुट चालतो. माझे सासरे राजेशाहीच्या नावाने बोटं मोडतात आणि पासपोर्टवरच्या मुकुटाबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं. जो पक्ष खरोखर राजा परत आणा म्हणतो, त्याला संसदेत पोचायला दुसऱ्यांच्या आधाराने उभं राहावं लागतं.

क्रॉसचं मात्र ऐका. ते चार 'स' मुळात 'स' नाहीतच. त्यांना 'ओचिला' म्हणतात, गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायचा लोखंडी तुकडा. ते चिन्ह बायझँटाइन पालेओलोगस घराण्याच्या क्रॉसवरून आलेलं, तिथे चार ग्रीक 'बीटा' होते. 'सामो स्लोगा' हा अर्थ लोकांनी मागून बसवला. बसला मात्र झकास, भिंतीभिंतीवर रंगवलेला दिसतो.

तो फक्त राष्ट्रवाद्यांचा नाही याचा पुरावा माझ्या मशीनशेजारी टांगलाय. टिटोच्या काळातल्या समाजवादी सर्बियाचं राजचिन्ह, एका गिऱ्हाइकाने छापायला दिलं आणि न्यायला आलाच नाही. वर लाल तारा, मागे सूर्य, कडेने गव्हाच्या ओंब्या आणि ओकची पानं, दात्याचं चाक, खाली फितीवर १८०४ आणि १९४१. आणि मधोमध लाल ढालीवर काय? तीच चार ओचिला, फक्त क्रॉस काढून टाकलेला. कम्युनिस्टांनी देव घालवला, ठिणग्या ठेवल्या.

मिलोशेविचच्या सोशालिस्टांनी तर आणखी कमाल केली. पक्ष १९९० चा, कम्युनिस्ट लीग आणि तिच्या आघाडीची संघटना एकत्र करून केलेला. पाटी बदलली, गुलाब आला. पण झेंड्यावरचा लाल तारा १९९२ पर्यंत राहिला, आणि राजचिन्हावरचा तर ते सत्तेतून गेल्यावरही, थेट २००४ पर्यंत. समोर विरोधी नेता वुक द्राश्कोविचच्या मंडळींचे मोर्चे, ९ मार्च १९९१ ला बेलग्रेडच्या रस्त्यावर रणगाडे आले तेव्हाचे. त्यांच्या हातात ताऱ्याशिवायचा तिरंगा, काहींच्या टोपीवर गरुडाचा जुना बिल्ला, कोकार्दा. तेव्हा गरुडाला धार होती. तो लावला की माणूस कोणाचा ते कळायचं, आणि बिल्ल्याला दुसऱ्या महायुद्धातल्या चेतनिकांचा, म्हणजे राजेशाहीवाल्या सर्ब लढवय्यांचा, वास होता म्हणून शेजारीही दचकायचे. आता तोच गरुड कराच्या पावतीवर येतो. त्याला कोण घाबरणार?

अंगठा आणि दोन बोटं वर करून दाखवायची खूणही द्राश्कोविचच्या सभांतून पसरली. आज बास्केटबॉल जिंकला तरी तीच.

वारा_आणि_काठी

मस्त चाललंय. ताई, बदक राहिलं!

नोवीसादची_नलू

विसरले नाही, साखर शेवटी खाते मी.

बेलग्रेडला सावा नदीच्या काठी 'बेलग्रेड वॉटरफ्रंट' नावाचा प्रचंड प्रकल्प उभा राहिलाय. मनोरे, मॉल, नदीकाठचा रस्ता. करार २०१५ चा, सरकार आणि अबू धाबीची 'ईगल हिल्स' कंपनी. (हो, तिथेही गरुड.) त्याला विरोध करायला 'ने दावीमो बेओग्राद' ही चळवळ सुरू झाली, 'बेलग्रेड बुडू देऊ नका' अशा अर्थाची. पाण्याचा विषय, म्हणून त्यांनी न्हाणीघरातलं रबरी बदक घेतलं आणि माणसापेक्षा उंच करून मोर्च्यात आणलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये, निवडणुकीच्या रात्री, साव्हामाला भागात तोंड झाकलेल्या लोकांनी यंत्रं आणून अंधारात इमारती पाडल्या. त्यानंतरच्या मोर्च्यांत हजारो माणसं त्या बदकामागून चालली. पोलिसांच्या ढाली एका बाजूला आणि समोर ते गालफुगं पिवळं ध्यान. फोटो बघून हसू येतं आणि बदकावर लाठी चालवणारा माणूस त्याहून हास्यास्पद दिसतो. हीच तर युक्ती.

आता मतपत्रिकेचा नियम आठवा. चित्र नाही, फक्त नाव. मग २०१८ च्या बेलग्रेड शहराच्या निवडणुकीला त्यांनी काय करावं? यादीच्या लांबलचक नावातच 'पिवळं बदक' हे शब्द घातले! चिन्ह छापता येत नाही तर अक्षरांत लिहू. निवडून कोणी आलं नाही, पण माझ्या मते सर्बियाच्या मतपत्रिकेवर चिन्ह चढवण्याचा इतका अस्सल प्रयत्न दुसरा नसेल. २०२२ मध्ये आघाडी करून ते संसदेत पोचले, २०२३ मध्ये रीतसर पक्ष झाला, 'ग्रीन-लेफ्ट फ्रंट'. नावाला साजेसा हिरवा रंग घेतला. कचेरीचा पक्ष झाला की बदक कपाटात जातं, ते होणारच होतं. मला आपलं वाईट वाटलं. बदक छापायला फार मजा यायची. दोनच रंग, चोचीला तेवढा केशरी.

मोकळा_रस्ता

पांढऱ्या सूटवाल्याला विसरलात की काय? लुका माक्सिमोविच, उर्फ बेली प्रेलेताचेविच. बेलग्रेडजवळच्या म्लादेनोवात्सच्या पोरांनी गंमत म्हणून सोंग काढलं: पांढरा सूट, पांढरा घोडा, सोन्याची साखळी, भ्रष्ट पुढाऱ्याची नक्कल. २०१६ मध्ये तिथल्या स्थानिक निवडणुकीत पाचातलं एक मत खाऊन दुसरे आले. २०१७ ला हा राष्ट्राध्यक्षपदाला उभा, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं, देशात तिसरा. चिन्ह काय, झेंडा काय? धोब्याकडून आणलेला सूट.

नोवीसादची_नलू

बरोबर, आणि तो माझ्याच मुद्द्याच्या बाजूने जातो. ज्याची आठवण राहते ते छापखान्यातून आलेलंच नसतं. मूठ, बदक, सूट. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी आहे.

यात शेवटचं घालायचं ते आमच्याच शहराचं. १ नोव्हेंबर २०२४ ला नोवी सादच्या रेल्वे स्थानकाचं काँक्रीटचं छत कोसळलं. सोळा माणसं गेली, काही त्या दिवशी, काही नंतर दवाखान्यात. स्थानक नुकतंच दुरुस्त करून उघडलेलं. त्यानंतर भिंतींवर, पुठ्ठ्यांवर, फुटपाथवर लाल पंजाचे ठसे उमटले: तुमचे हात रक्ताने माखलेत. तो पंजा छापून घ्यायला सुरुवातीला कोणीही आलं नाही. लाल रंगाची बादली आणि स्वतःचा हात, आणखी लागतं काय? नंतर बिल्ले, स्टिकर आले, ते निराळं.

विद्यार्थ्यांच्या त्या मोर्च्यांत पक्षांचे झेंडे जवळजवळ दिसायचेच नाहीत, कारण पोरांनी पक्षांना लांब ठेवलं होतं. आला तर माणूस म्हणून या. त्यामुळे राष्ट्रध्वज मात्र पूर आल्यासारखा. जिंजिचच्या पक्षाच्या जुन्या सभांत दिसायचा तो युरोपियन युनियनचा निळा झेंडाही इथे शोधावा लागायचा. वारा, तुम्हाला दोन्ही बाजूंच्या फोटोंत तोच तिरंगा दिसतो त्याचं कारण हे. सरकार म्हणतं देश म्हणजे आम्ही, पोरं म्हणतात देश म्हणजे आम्ही, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याच्या हातात तो एकट्याने राहू द्यायला तयार नाही. १५ फेब्रुवारी २०२५ ला ती क्रागुयेवात्सला जमली, बरीचशी चालत गेली. तो स्रेतेन्येचा, म्हणजे सर्बियाच्या राष्ट्रीय सणाचा दिवस. १८३५ मध्ये याच गावात दिमित्रिये दाविदोविचने लिहिलेली राज्यघटना जाहीर झाली होती, आणि तिच्यात झेंडाही होता, लाल-पांढरा-निळा. तो फ्रेंच क्रांतीच्या झेंड्यासारखा दिसतो म्हणून व्हिएन्नापासून पीटर्सबर्गपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा आला. दोन महिन्यांच्या आत घटना गुंडाळली. मग पट्ट्यांचा क्रम बदलून लाल-निळा-पांढरा मान्य झाला, तोच आजचा. म्हणजे इथे नुसत्या पट्ट्यांच्या क्रमावरूनही तीन साम्राज्यं नाराज होऊ शकतात.

वारा_आणि_काठी

ताई, दंडवत. माझी फाईल आता पक्षांऐवजी 'हात' या नावाने करावी लागेल असं दिसतंय: मूठ, तीन बोटं, पंजा.

दोन फोटो उरले. एकात लाल-निळा-पांढराच, पण निळा पट्टा फार रुंद आणि त्यावर तीन पिवळे तारे. हा कुठला पक्ष? दुसऱ्यात लाल-पांढरा-हिरवा, हंगेरीसारखा, सुबोतित्साचा फोटो.

नोवीसादची_नलू

सुबोतित्साचा म्हणजे बहुतेक हंगेरियन अल्पसंख्याकांचा कार्यक्रम. तिथला मोठा पक्ष 'अलायन्स ऑफ वोयवोदिना हंगेरियन्स', १९९४ चा. संसदेत जायला आता ३ टक्के लागतात (२०२० मध्ये पाचाचे तीन केले), अल्पसंख्याकांच्या याद्यांना तीही अट नाही. त्यामुळे त्यांना सगळ्या देशाला आवडेल असं चिन्ह करायची गरजच पडत नाही. रंग आणि भाषा आपल्या माणसाला कळली की पुरे. आमच्या गावात मतपत्रिकाच सर्बियन, हंगेरियन, स्लोव्हाक आणि रुसिन अशा चार भाषांत येते. तिकडे दक्षिणेला सांजाकमध्ये बोस्नियाकांच्या झेंड्यांवर लिली दिसेल. ती पाहून तुम्ही म्हणाल, अरे, सर्बियाच्या गरुडाखालीही लिलीच आहे. आहे खरी. हे तिकडे दोन्ही बाजूंना ऐकवू नका.

तीन ताऱ्यांचा पक्ष नाही, तो आमचा, वोयवोदिना प्रांताचा. २००४ पासूनचा. तीन तारे म्हणजे प्रांताचे तीन भाग: बाच्का, बानात आणि स्रेम. २०१६ मध्ये प्रांताच्या विधानसभेने त्याच्या जोडीला आणखी एक 'पारंपरिक' झेंडा मंजूर केला, साध्या तिरंग्यावर जुनं राजचिन्ह असलेला. कोणता माणूस कोणता मागतो यावरून त्याचं मत मला बऱ्यापैकी कळतं. तारेवाला मागणारा प्रांताच्या स्वायत्ततेबद्दल अर्धा तास बोलतो, दुसरा मागणारा बेलग्रेडची बाजू घेतो. दोन्ही आमच्याकडे मिळतात. तारेवाला थोडा स्वस्त पडतो, कारण राजचिन्हाला रंग जास्त लागतात.